शिळीमकर सरांचं वेळापत्रक

शिळीमकर सर कुणासाठीही थांबत. हा त्यांचा गुण होता की खोड, हे इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काढूनही मला ठरवता आलेलं नाही. भोरच्या शाळेत ते गणित शिकवायचे आणि मी तिथं लेखनिक होतो. पहिल्या तासाची आंबवड्याकडची मुलं एसटीने येत, आणि एसटी तिच्या मर्जीने येई. सर त्यांच्यासाठी दहा मिनिटं थांबून तास सुरू करत. सर थांबतात हे कळल्यावर गावातली मुलं निवांत निघू लागली. मग आंबवड्याची मुलं बाकावर बसून भोरच्या मुलांची वाट बघत आणि सर खडू हातात धरून दाराशी उभे राहत. हेडमास्तरांनी हटकलं की म्हणायचे, "माणूस ऱ्हायला नको."

हे वाक्य त्यांनी गावाहून आणलं होतं. सरांचं गाव वेल्ह्याच्या पुढं, खोऱ्याच्या टोकाला. तिथं रात्री मुक्कामाला आलेली एसटी सकाळी सुटते म्हणतात, पण खरं तर ती गोळा होते. ड्रायव्हर हॉर्न देतो, कंडक्टर बाकड्यावर चहा घेतो, आणि कुणीतरी सांगतं की वरच्या वाडीची म्हातारी निघालीय, दवाखान्यात जायचंय. मग गाडी थांबते. म्हातारी चढली की तिची पिशवी राहिलेली असते. सर या गाडीत वाढले. स्वतःच्या लग्नात त्यांनी एका आत्यासाठी मंगलाष्टका थांबवल्या होत्या. भटजींनी मुहूर्त टळतोय म्हणून डोक्याला हात लावला, आणि आत्या आली ती जेवणं झाल्यावर.

अशा माणसाच्या हाती एक सॉफ्टवेअर वेळेवर काढण्याचं काम यावं, यात नियतीची काहीतरी मजा होती.

झालं असं की दोन हजार चार-पाचच्या सुमारास शाळेला तीन संगणक मिळाले. गणिताचे म्हणून सरांना त्या खोलीची किल्ली मिळाली. सर स्वतःच पुस्तकं वाचून प्रोग्राम लिहायला शिकले आणि मराठीत गुणपत्रकं छापणारा एक प्रोग्राम त्यांनी केला. त्याचं नाव 'गुणमाळ'. माझ्यासारख्या लेखनिकाला तो देवासारखा वाटला, कारण दर एप्रिलात साऱ्या शाळेची गुणपत्रकं हाताने लिहून माझी बोटं आखडायची. सरांनी तो फुकट वाटला, आणि आतलं सारं लिखाणही इंटरनेटवर उघडं ठेवलं. ज्याला पाहिजे त्याने वापरावं, बिघडलेलं दुरुस्त करावं, आणि दुरुस्ती परत पाठवावी. लोकांना हे काही पटेना. फुकट दिलं म्हणजे कुठंतरी गोम असणार असं तालुक्याचं मत पडलं. सर समजावत की ही सावड आहे. भातलावणीला आज तुझ्या खाचरात मी, उद्या माझ्या खाचरात तू. यावर एक मास्तर म्हणाले की सावडीत जेवण असतं, इथं काय आहे? त्या दिवसापासून बैठकीला भेळ सुरू झाली.

कारण आता बैठका होऊ लागल्या होत्या. प्रोग्रामची सुधारलेली आवृत्ती कधी काढायची, त्यात काय घालायचं, हे ठरवायला सरांनी 'आवृत्ती नियोजन समिती' नेमली. वापरणाऱ्या शाळांचे चार-पाच मुख्याध्यापक, मी इतिवृत्त लिहायला, आणि मणेरभाई. मणेरभाईंचं एसटी स्टँडजवळ दुकान होतं. पुढं बांगड्या आणि मागं पडद्याआड इंटरनेट. भोरात बरं चालणारं कनेक्शन त्यांच्याकडंच, म्हणून प्रत्येक आवृत्ती त्यांच्या दुकानातून बाहेर पडायची, म्हणजे पडणार होती. शिवाय नागपूरचा देशकर नावाचा एक तरुण होता. त्याला आम्ही कुणी पाहिलेलं नव्हतं. तो फक्त ईमेलने यायचा, पण निम्मं काम तोच करायचा.

संगणक खोलीची एक अख्खी भिंत सरांनी काळी रंगवून घेतली आणि तिच्यावर वेळापत्रक आखलं. काम चालू असेल तो काळ पांढरा, तपासणीचा लाल, आणि आवृत्ती खरोखर बाहेर पडली की तो दिवस हिरवा. वेळापत्रक इतकं सुरेख होतं की शिक्षणाधिकारी तपासणीला आले तेव्हा त्यांनी ते दुसऱ्या शाळांनाही दाखवायला सांगितलं. पांढरे खडू आठवड्याला लागायचे. लाल अधूनमधून. हिरवा खडू मात्र खोक्यात तसाच अख्खा पडून होता.

पहिल्या सुधारित आवृत्तीची गोष्ट तर तालुक्यात गाजली. आवृत्ती म्हणजे प्रकाशन आणि प्रकाशन म्हणजे प्रमुख पाहुणे, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. पाहुण्यांची तारीख मिळाली, पण प्रोग्राम तयार नव्हता. तारीख बदलावी तर पाहुणे रुसणार. शेवटी कोऱ्या सीडीला लाल फीत बांधून ती तबकात ठेवली. पाहुणे आले आणि वीज गेली, त्यामुळे ती चालवून दाखवायचा प्रश्न आपोआप मिटला. पाहुण्यांनी फीत सोडली, सीडी उंच धरली, आणि हे यंत्र खेड्यापाड्यात पोचलं पाहिजे असं सांगून ती खिशात घालून घेऊन गेले. पुढं त्यांनी तीन सभांमधून 'गुणमाळ'चं कौतुक केलं. आपण स्वतः वापरून पाहिली, अत्यंत सुलभ आहे, असंही म्हणाले. मला वाटतं आमच्या प्रोग्रामला मिळालेला तो एकमेव निर्दोष अभिप्राय.

बैठकीत प्रत्येकाची एक मागणी असायची. एका मुख्याध्यापकांना गुणपत्रकावर संस्थापकांचा फोटो हवा होता, तोही फेट्यातला. दुसऱ्यांना 'नापास' हा शब्द नको होता, त्याजागी 'प्रयत्नशील' हवं होतं. तिसऱ्यांना सहीची जागा मोठी हवी होती, कारण त्यांची सही मोठी होती. सर कुणाला नाही म्हणायचे नाहीत. "घ्या त्यांना पन," असं म्हणून पांढऱ्या खडूने एक चौकोन वाढवायचे, आणि हिरव्या दिवसाची जागा पुढं सरकवायचे. देशकरने नागपूरहून कळवलं की सर, एका ठरलेल्या दिवसानंतर नवी मागणी घेणं बंद केलं पाहिजे, नाहीतर आवृत्ती जन्मात निघणार नाही. सरांनी ते बैठकीत वाचून दाखवलं. सगळ्यांना एकदम पटलं. लग्नाच्या याद्या झाल्यावर कुणी देण्याघेण्यात बदल करतं का, असं फोटोवाले मुख्याध्यापक म्हणाले. ठराव एकमताने मंजूर झाला, आणि भेळ संपायच्या आत त्यांनीच फोटोभोवती महिरप मागितली. सर म्हणाले, "घ्या."

मणेरभाई बैठकीत फारसं बोलत नसत. एकदा फक्त म्हणाले, "सर, लगीन लागल्यावर चुडा आनून काय उपेग?" सर हसले आणि भेळेचा कागद त्यांच्याकडं सरकवला.

आमच्याकडं शाळांचा निकाल एक मेला लागतो. सकाळी झेंडावंदन आणि मग गुणपत्रकं. पोरांचे आईबाप त्या दिवशी काम टाकून येतात. म्हणून 'गुणमाळ'ची नवी आवृत्ती एप्रिलच्या मध्याला शाळांच्या हातात पडणं हीच काय ती सगळ्या वेळापत्रकाची गरज होती. एका वर्षी गुण देण्याची पद्धत बदलली आणि जुनी आवृत्ती निकामी झाली. नवी येतेय, कुणी हाताने लिहीत बसू नका, असा निरोप सरांनी स्वतः साऱ्या शाळांना धाडला. एप्रिलच्या सुरुवातीला काम पुरं झालं. मी हिरवा खडू काढून सरांच्या हातातसुद्धा दिला. तेवढ्यात सरांना आठवलं की पानशेतच्या पलीकडचे एक गुरुजी मागच्या बैठकीत म्हणाले होते, आमच्या शाळेला दोन रकाने जास्तीचे लागतील, कळवतो. त्यांनी कळवलं नव्हतं.

सर थांबले. गुरुजींच्या शाळेत फोन नव्हता. निरोप पाठवला तर गुरुजी मुलीच्या लग्नात गुंतलेले. आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं, देशकरने तीन ईमेल केले, पण सर आपले एकच, "माणूस ऱ्हायला नको." मधेच लोडशेडिंगच्या वेळा बदलल्या. एप्रिल गेला. मेचा पहिला आठवडा सरताना सर स्वतःच एसटी बदलत पानशेतच्या पलीकडं गेले. गुरुजी अंगणात वाळवणावर लक्ष ठेवून बसले होते. रकाने कोणते, हे विचारल्यावर त्यांना आधी काही आठवेना. मग म्हणाले, ते होय, सगळे काही ना काही मागत होते, आपण गप्प बसलो तर बरं दिसत नाही, म्हणून बोललो.

आणि जाता जाता म्हणाले, "आमच्याकडं संगनक कुटाय, सर?"

सर परतले त्याच आठवड्यात कोंडे बाई भोरला आल्या. बाई खोऱ्यातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. बुटक्या, तुरुतुरु चालणाऱ्या, आणि बैठकीत कधी काही न मागणाऱ्या. त्या संगणक खोलीत आल्या तेव्हा सर भिंतीवरचा एक चौकोन पुसत होते. बाई बसल्या नाहीत. पानशेतची हकिकत त्यांच्या कानावर आधीच आली होती. त्यांनी सांगितलं की एक मेला झेंडा झाला, वाड्यावाड्यांवरून माणसं चालत आली होती, आणि त्यांच्याकडं द्यायला काही नव्हतं. त्यांनी उभ्या उभ्या निकाल तोंडी वाचून दाखवला. सातवीच्या पोरांना पुढच्या शाळेत नाव घालायला कागद लागतो, ती माणसं दुसऱ्यांदा चालत आली, तेव्हा बाईंनी हाताने लिहून दिलं.

"सर, तुमी ज्याच्यासाठी थांबला, त्याला कुठं जायचंच नव्हतं," बाई म्हणाल्या. "जी माणसं गाडीत बसली होती ती मात्र ताटकळली."

बाईंनी मग शांतपणे दुसरी गोष्ट सांगितली. पुढच्या एप्रिलच्या पंधरा तारखेला सीडी हातात पडली तर ठीक. नाहीतर खोऱ्यातल्या सगळ्या शाळा 'गुणमाळ' सोडून देऊन पुन्हा हाताने लिहिणार. तसं त्यांचं ठरलं होतं. खोरं म्हणजे सरांचं स्वतःचं खोरं. सरांनी प्रोग्राम लिहायला घेतला तो त्या शाळांसाठी, हे आम्हाला ठाऊक होतं. बाई निघून गेल्यावर सरांनी ओलं फडकं घेतलं आणि सगळी भिंत कोरी केली.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर दोनच ओळी होत्या. वर्षाला दोन आवृत्त्या, एक पंधरा एप्रिलला आणि एक दिवाळीच्या सुट्टीआधी. खाली लिहिलं होतं, 'तारीख हलणार नाही. काम राहिलं तर ते पुढच्या आवृत्तीत.' हिरवा खडू पहिल्यांदाच झिजला होता.

समितीत हाहाकार झाला. ही हुकूमशाही आहे असं सहीवाले म्हणाले. पाहुणे कोण, हा प्रश्नही आलाच. सर म्हणाले पाहुणे नाहीत. नाही म्हणायची सरांना सवय नव्हती, त्यामुळे ते एखाद्याला नाही म्हणायचे आणि मग संध्याकाळी त्याच्या घरी तब्येत विचारायला जायचे. महिरपवाल्या मुख्याध्यापकांकडं तर ते त्या महिन्यात इतके वेळा गेले की त्यांच्या घरच्यांना वाटलं काही गंभीर आहे. दिवाळीची आवृत्ती तारखेला निघाली. पण तिच्यात फारसं काही नव्हतं, आणि दिवाळीला कुणाचं अडतही नव्हतं. खरी परीक्षा एप्रिलचीच होती.

आता एक गोष्ट सांगायला हवी. सगळ्यांच्या मागण्या घेणाऱ्या सरांची स्वतःचीही एक मागणी होती, आणि ती ते दोन वर्षं एकट्याने शिवत बसले होते. त्यांना गुणपत्रकावर वडिलांच्या नावाबरोबर आईचं नाव हवं होतं. सरांचे वडील सर चालायला लागायच्या आधीच गेले. आई, ठकूबाई, लोकांच्या खाचरात भात लावून त्यांना शिकवत राहिली. मॅट्रिकचं गुणपत्रक आलं तेव्हा ते त्यांनी आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, माझं नाव कुठंय? सरांनी हे मला एकदाच सांगितलं आणि लगेच विषय बदलला.

पण तो रकाना बसेना. आईचं नाव जरा लांब असलं की शेवटच्या विषयाचे गुण घसरून दुसऱ्या पानावर जायचे. चौदा एप्रिलला संध्याकाळपर्यंत ते घसरतच होते. सर आता तारीख हलवणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती. मणेरभाईंनाही नव्हती. त्यांनी दुसऱ्या दिवशीची आमची खुर्ची एका गिऱ्हाईकाला कबूलसुद्धा केली होती.

पंधराच्या सकाळी सर आणि मी पडद्याआड जाऊन बसलो. वीज अकरापर्यंतच होती. देशकरचा ईमेल आला होता. त्याने लिहिलं होतं की सर, आणखी चार दिवस द्या, आईचं नाव मी बसवून देतो, मी सगळ्या शाळांना विचारलंय, सगळे थांबायला तयार आहेत. खाली एकेकाचं नाव होतं. त्यात महिरपवाले होते, सहीवाले होते. आणि कोंडे बाईसुद्धा होत्या.

सरांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. मग आपला रकाना प्रोग्राममधून काढून टाकला, एक नमुना छापून शेवटचा विषय जागेवर आहे ना हे बघितलं, आणि देशकरला उत्तर लिहिलं. उत्तर एका ओळीचं होतं: 'आईला उतरवलं आहे. गाडी सोडा.'

मणेरभाई बांगड्यांचं गिऱ्हाईक सोडून मागं आले होते. त्यांनी स्क्रीनवरची ओळ वाचली आणि चहा सांगायला गेले. मला त्या दिवशी सरांचा अभिमान वाटला आणि फार वाईटही वाटलं. आवृत्ती वीज जायच्या आधी बाहेर पडली. दुपारच्या एसटीने सीड्यांचं पुडकं वेल्ह्याकडं गेलं. एक मेला दुपारी शाळेत फोन वाजला. कोंडे बाई होत्या. "वाटली, सर," एवढंच म्हणाल्या.

त्याच वर्षी सर निवृत्त झाले आणि गावी जाऊन राहिले. निरोप समारंभाला प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले आणि सर त्यांच्यासाठी थांबले, कारण ती काही आवृत्ती नव्हती.

दिवाळीची आवृत्ती आम्ही तारखेला काढली. देशकरने तोवर आईचं नाव बसवलं होतं, कितीही लांब असलं तरी. मी पहिली सीडी आणि एक छापील नमुना घेऊन मुक्कामाच्या गाडीने सरांच्या गावी गेलो. नमुन्यावर मी सरांचंच नाव घातलं होतं. विद्यार्थी शिळीमकर दामोदर, आईचे नाव ठकूबाई. सरांनी तो कागद ओटीवर उजेडात धरून बघितला. आईच्या नावावरून बोट फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं. मग खालची बेरीज बघून म्हणाले, "मार्क जास्त दिलेत."

सकाळी त्यांना भोरला यायचं होतं. मी पुढं जाऊन गाडीत बसलो. सर गोठ्यातलं आवरून निघाले तोवर वेळ होऊन गेली होती. बांधावरून येताना त्यांनी लांबूनच दोन्ही हात हलवून ड्रायव्हरला खूण केली की जा, थांबू नको. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. सर धापा टाकत चढले आणि सगळ्या गाडीदेखत त्याला झापलं. वेळ म्हणजे वेळ, एका माणसापायी इतक्या लोकांना ताटकळत ठेवायचं हे कुठलं वळण, पुढची गाडी नाही का? ड्रायव्हर मान खाली घालून ऐकत होता. त्याला बहुधा सरांनीच गणित शिकवलं होतं.

गाडी निघाली. पहिल्या वळणावर, खाली ओढ्याच्या अंगाला, डोक्यावर पाटी घेतलेली एक म्हातारी हात हलवत चढण चढताना दिसली. अजून बरीच लांब होती. ड्रायव्हरने गाडी हळू केली, पण थांबवली नाही. आरशातून त्याने सरांकडं बघितलं. मग कंडक्टरने बघितलं, आणि मग सगळ्या गाडीनेच.

सरांनी घड्याळ बघितलं. खिडकीतून म्हातारीकडं बघितलं. ती घाईने चढत होती आणि एका हाताने पाटी सावरत होती. सरांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं.

"थांब," ते म्हणाले. "गाडी हाय ही. सॉफ्टवेअर न्हाई."

सरांचं माझ्या डोळ्यांपुढं राहिलेलं शेवटचं चित्र त्याच गाडीतलं. म्हातारी चढली तेव्हा ते तिला जागा द्यायला उभे राहिले होते, आणि कंडक्टरला विचारत होते की हिची पिशवी राहिली नाही ना.